तळ्यातले देवभात

शहापूर, मुरबाडकडच्या बायांना देवभात सांगायला नको. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नसते. देवभात ना कोणी नांगरून पेरलेले, ना आवणलेले. म्हणून ते त्या दिवशी चालते.

हे आपल्या भाताचे रानटी भावंड. त्याची एक जात बहुवर्षायू आहे. तळ्यात, दलदलीत ओल टिकली की तिचा बुंधा जगतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. कुसळ लांब, तांदूळ लालसर. दाणा पिकला की लगेच झडतो, म्हणून लोंबीखाली टोपली धरून झटकावे लागते.

तळ्यात ते गुणाचे, खाचरात मात्र वैरी. पेरभातात तर फार. देवभाताचा परागकण आपल्या भातावर पडला की संकर होतो, आणि त्या संकराचे दाणेही झडून मातीत बरीच वर्षे टिकतात. भात राखून हे तण तेवढे मारील असे औषध सहसा मिळत नाही. निसवण्यापूर्वी ओळखणेही अवघड. आवणी ओळीत करा, म्हणजे ओळीबाहेरचे रोप बेणणीत बिनधास्त उपटता येईल. निसवल्यावर उंच, कुसळवाली लोंबी दिसली की दाणा पिकण्याआधीच झाड काढा आणि बैलांपुढे टाका. खताच्या खड्ड्यात नको.

मग तळ्यातलेही काढून टाकावे का? माझे मत, नाही. तपकिरी तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या खुजेपणाच्या एका रोगाने आशियातील भाताला ग्रासले, तेव्हा फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातल्या एका रानभाताच्या नमुन्यात. त्यातूनच 1976 साली आय.आर. 36 हे वाण आले. 1970 मध्ये चीनच्या हैनान बेटावर असेच एक नर-वंध्य रानभात मिळाले आणि त्यावर संकरित भाताचा पाया रचला गेला. कर्जतच्या संशोधन केंद्राचे 1998 चे 'सह्याद्री' हे संकरित वाणही त्याच वंध्यत्वावर उभे आहे. म्हणजे ज्यांनी 'सह्याद्री' लावले, त्यांच्या खाचरात रानभाताचा अंश येऊन गेला!

तेव्हा तळे बुजवण्याचा विषय ग्रामसभेत निघाला, तर देवभाताचीही आठवण काढा. बियाण्यासाठी मात्र तळ्याकाठचे खाचर सोडून लांबच्या खाचरातले भात राखा.