मालासाठी जुळतं, माणसांसाठी का नाही?

मानकोली नाक्यावर संध्याकाळी अर्धा तास उभे राहा. न्हावा-शेव्याहून आलेले कंटेनर गोदामांकडे सरकताना दिसतील. युरोपातून येणाऱ्या मालाची जवळची वाट लाल समुद्रातून आणि एडनच्या आखातातून येते. तिथे सोमाली चाचे माजले, तेव्हा ऑक्टोबर 2008 पासून भारतीय नौदल पहारा देऊ लागलं. 2012 मध्ये तर भारत, चीन आणि जपान यांनी जहाजांना सोबत करण्याची वेळापत्रकं आपसात जुळवून घेतली. भारत-चीन सीमेचा वाद तेव्हाही होताच. उर्दूच्या तासाला मी 'मुआहदा' म्हणजे करार असं शिकवतो. इथे तिघांत मुआहदा नव्हता; भर समुद्रात लूट चालणार नाही, एवढा नियम तिघांना मान्य होता. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने 35 चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले.

म्हणून "सगळ्यांचं एकमत नाही, आपण एकटे काय करणार?" हे गाझाबद्दलचं उत्तर मला पटत नाही. जानेवारी 2025 मध्ये हेगला नऊ देश एकत्र आले. दक्षिण आफ्रिका, मलेशिया, कोलंबिया, नामिबिया, चक्क बेलीझसुद्धा. इस्रायलसाठी शस्त्रं नेणाऱ्या जहाजांना आपल्या बंदरात थारा द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. बेलीझ म्हणजे आपल्या भिवंडीपेक्षा कमी वस्तीचा देश! आणि आपण? 12 जून 2025 ला आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने 149 देश उभे राहिले, भारत तटस्थ बसला.

आता आपल्याच लोकांना न रुचणारं. हुथींनी व्यापारी जहाजांवर हल्ले केले, गाझाशी काही देणंघेणं नसलेले खलाशी मेले, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वाहवा झाली. दारफुरमध्ये मुसलमानच मुसलमानांना मारतोय. त्यासाठी जुम्म्यानंतर कुणी फलक धरलेला मी पाहिला नाही.

भिवंडीला हे शिकवायची गरज पडू नये. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या या गावात पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसली, आपापल्या गल्लीतल्या पोरांना आवरू लागली. 1992-93 ला मुंबई जळाली, भिवंडी शांत राहिली.

पुढचा ठराव येईल तेव्हा दिल्लीने तटस्थ बसू नये, हे मी लिहीत राहणार. दारफुरचा फलक घेऊन नाक्यावरही उभा राहीन. सोबत कोण येतंय?