पासपोर्टची रांग पालिकेच्या दारात

पासपोर्ट काढणे हे एकेकाळी दिव्यच होते. पहाटेपासूनच्या रांगा आणि दलालांचे खेटे मध्यमवर्गाच्या चांगलेच स्मरणात आहेत. २०१० पासून सुरू झालेल्या पासपोर्ट सेवा केंद्रांनी हे चित्र बरेचसे पालटले. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही ही सेवा मिळू लागली. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने नियमही सैल केले. २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना तोवर जन्माचा दाखला सक्तीचा होता. ती सक्ती गेली आणि शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना यांपैकी काहीही चालू लागले. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभाही मिळाली.

फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने मात्र चक्र पुन्हा उलटे फिरवले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. त्याआधी जन्मलेल्यांना जुने पर्याय खुलेच आहेत. त्यामुळे आज पासपोर्ट काढणाऱ्या वा बदलून घेणाऱ्या प्रौढांना या बदलाची झळ नाही. ती बसणार आहे ती आज पाळण्यात आणि बालवाडीत असलेल्या पिढीला.

या निर्णयामागील तर्क चुकीचा नाही. सोयीची जन्मतारीख सांगून शाळेत नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. जन्माची नोंद हाच मूळ पुरावा मानला तर बनवेगिरीला आळा बसेल. परंतु पासपोर्टची सारी भिस्त आता महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंद वहीवर आली आहे. त्या वहीची अवस्था काय?

रुग्णालयात जन्मलेल्या मुलाची माहिती रुग्णालयच कळवते. पण तेव्हा बाळाचे बारसे झालेले नसते आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, तर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. सुशिक्षित घरांतही याचा विसर पडतो आणि परदेशवारीचे तिकीट काढल्यावर धावाधाव सुरू होते. अल्पवयीनाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाच्या अठरा वर्षांपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. त्यामुळे दाखल्यातील चूक नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा डोके वर काढू शकते.

खरा प्रश्न मात्र रुग्णालयाबाहेर जन्मलेल्यांचा आहे. फडावर बाळंत झालेली ऊसतोड कामगार स्त्री एकवीस दिवसांच्या मुदतीत नोंद कोठे आणि कशी करणार? वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यातच बोगस दाखल्यांच्या तक्रारींवरून महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये उशिराच्या नोंदींचे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये त्यासाठी कडक कार्यपद्धती लागू केली. गैरप्रकार रोखायलाच हवेत. मात्र बोगस अर्जदार आणि गरीब अर्जदार यांना एकाच चाळणीतून गाळले तर खडे राहतील आणि धान्य गळून जाईल.

परदेशगमन हा जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले. आईवडिलांनी वा यंत्रणेने केलेल्या कसुरीची शिक्षा मुलाला देणारी पद्धत या कसोटीला कितपत उतरेल? शिवाय जन्मनोंदणीच्या सुधारित कायद्यानुसार शाळाप्रवेश, मतदार यादी आणि सरकारी नोकरीसाठीही हाच दाखला लागणार आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जन्मलेले मूल ऑक्टोबर २०४१ मध्ये सज्ञान होईल. तोवर अवधी असला तरी त्याची नोंद करण्याची सुलभ वेळ आजच निसटते आहे. पासपोर्टच्या खिडकीवर जी तत्परता आली, ती जन्मनोंदीच्या खिडकीवर आणणे हे आता सरकारचे कर्तव्य ठरते. अन्यथा रांग संपली असे होणार नाही. ती केवळ पासपोर्ट कार्यालयाकडून पालिकेच्या दारात सरकलेली असेल.