बर्फ मिळेल, पण कुठला?

नाताळ जवळ आला की आमच्या कॉलेजात दोन कामं एकदम सुरू होतात. एक म्हणजे गोठा उभारणं आणि दुसरं म्हणजे केदारकंठाची यादी काढणं. गोठ्याच्या छपरावर आम्ही दरवर्षी कापूस पसरतो आणि त्याला बर्फ म्हणतो. (बेथलेहेमात बर्फ क्वचितच पडतो, पण हे कापसाला कोण सांगणार?) यादीत नाव घालायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो एकच, "बर्फ असेल नव्हं?"

दोन वर्षांमागं मीही हाच प्रश्न विचारला होता. आता मला वाटतं, हा प्रश्न अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा विचारायला आपण शिकलो नाही तर एक दिवस आपल्यातलाच कुणीतरी महागात पडेल असं काहीतरी करून बसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केदारकंठा हे उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं साडेबारा हजार फुटांचं शिखर. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी असं दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली की सांकरी गाव येतं. तिथून झाडीतून चढत पहिला मुक्काम जुडा का तालाब या तळ्याकाठी, दुसरा सव्वाअकरा हजार फुटांवरच्या बेस कॅम्पला. मग रात्री दोन-तीनला उठून टॉर्चच्या उजेडात शेवटची चढण. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. केदारकंठा ३,८०० मीटरच्या वर. हिमालयाच्या मानानं हे बुटकंच, आणि हिवाळ्यात नवख्यांना झेपेल असं शिखर म्हणून त्याचं नाव झालंय. त्यामुळं नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तिथं जत्रा असते.

माझ्या बेळगावच्या डोळ्यांना बर्फ माहीत होता तो मासळी बाजारातला, भुसा लागलेली लादी, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्यावरचा. आपली भाषाही तशीच. पावसासाठी आपल्याकडं सर आहे, झड आहे, भुरभुर आहे, वळीव आहे, मुसळधार आहे. आभाळातून पडतो त्याला बर्फ, फ्रीजमध्ये होतो त्यालाही बर्फच. हिम म्हणून शब्द आहे, पण तो निबंधातला, "आज हिम पडलं" असं कोण म्हणतं? आमच्या गाईडला मात्र शब्दांची चणचण नव्हती. आम्ही त्याला भैजी म्हणायचो, गढवाळात थोरल्या भावाला म्हणतात तसं. गढवाळीत पडणाऱ्या बर्फाला ह्यूं म्हणतात. हिंदीत बोलताना तो 'कच्ची' आणि 'पक्की' असं वेगळं काढायचा आणि रात्रीत गोठून दगडावर चढलेल्या चकचकीत थराला 'पाला' म्हणायचा. पहिले दोन दिवस आम्हाला ती नुसती गंमत वाटली.

आम्ही गेलो तेव्हा कित्येक दिवस आभाळ कोरडं होतं. उन्हातल्या वाटेवर धूळ. सावलीत मात्र आधी कधीतरी पडलेला बर्फ शेकडो बुटांखाली दाबून, दिवसा वितळून, रात्री परत गोठून काचेसारखा झालेला. आम्ही निराश. "एवढ्या लांब येऊन हे?" असं एकजण बोलूनही गेला. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पाठीवरच्या सॅकमध्ये होते. भैजी म्हणाला, आत्ता लावा. आम्ही म्हटलं, बर्फ आला की लावू. म्हणजे ज्या बर्फावर माणूस खरोखर घसरतो तो आम्हाला बर्फ वाटतच नव्हता! पांढरा नव्हता ना.

बेस कॅम्पला पोचलो त्या दुपारी आभाळ भरलं आणि बर्फ पडायला लागला. आम्ही नाचलो. खरंच नाचलो, व्हिडिओ आहे. संध्याकाळपर्यंत वीतभर साठला. रात्री दोनला आम्ही तयार, आणि भैजी तंबूच्या दारात येऊन म्हणाला, "ऊपर कच्ची है, नीचे पाला. हवा भी है. आज नहीं."

पुढं जे झालं ते लिहायला मला लाज वाटते. मी त्याच्याशी वाद घातला. आम्ही पैसे भरलेत, हे वाक्य मी बोललो. मागून कुणीतरी म्हणालं, "काय घाबरालास रे भैजी एवढं?" तो चिडला नाही. म्हणाला, उद्याचा दिवस इथं थांबा, वारा पडला आणि बर्फ जरा बसला तर परवा पहाटे नेतो. पण आमच्याकडं परवा नव्हताच. सांकरीहून गाडी ठरलेली, दिल्लीहून गोवा एक्सप्रेसची तिकिटं महिनाभर आधी काढलेली, ३ तारखेला कॉलेज. आम्ही खाली उतरलो. शेजारच्या तंबूतला एक गट त्याच रात्री वर गेला आणि सकाळी दहाच्या सुमारास हसत खाली आला. त्यांच्या फोटोंत मागं स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, सगळं लख्ख.

आमच्या गटात आजही दोन तट आहेत. भैजीनं आम्हाला फसवलं, त्याला त्या थंडीत जायचंच नव्हतं, असं अर्धे म्हणतात. त्यांना मी खोटं पाडू शकत नाही. जो वर जाऊन पडतो त्याची चूक दिसते. जो परत फिरतो तो बरोबर होता की नव्हता, हे कधीच सिद्ध होत नाही. शेजारचा गट सुखरूप आला म्हणजे वाट सुरक्षित होती असंही नाही, त्या दिवशी त्यांच्यातला कुणी घसरला नाही एवढंच. कोवळ्या बर्फाखाली काच झाकलेली असेल तर पाय कुठं पडतोय ते कळत नाही, आणि शेवटच्या चढावर घसरलेला माणूस थांबायला झाड नसतं.

माझा मुद्दा शिखर हुकल्याचा नाही. आम्ही बेळगावात बसून, कॅलेंडर बघून, डोंगराचा एक दिवस ठरवून टाकला होता आणि भैजीला 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नव्हती. तरी तो म्हणाला, हा त्याचा मोठेपणा. शिखर झालं नाही की गिऱ्हाईक नाराज, गिऱ्हाईक नाराज की पुढचं काम कमी. पुढच्या वेळी भेटणारा गाईड तेवढा खमका असेलच असं नाही.

आता उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडं येतो. हिमालयात हिवाळ्याचा बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पार भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या वादळी पट्ट्यांबरोबर. त्यांना आपल्या सुट्ट्या ठाऊक नसतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसारख्या ठिकाणी स्कीइंगचे उतार उघडेबोडके पडले होते, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. डिसेंबरअखेर केदारकंठाला गुडघाभर बर्फ असू शकतो, नुसती धूळ आणि काच असू शकते, किंवा आमच्यासारखं एका दुपारीत दोन्ही. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ खोल असतो, पण मग वाट फोडत जावं लागतं आणि कधी सांकरीचा रस्ताच बंद होतो. मार्चमध्ये पहाटे बर्फ असा कडक की बूट रुततच नाही, आणि दुपारी त्याचाच गाळ, मांडीपर्यंत पाय आत. म्हणून तर रात्री दोनला उठायचं असतं, सूर्योदयाच्या फोटोसाठी नव्हे. एप्रिलमध्ये खाली बुरांश फुललेला असतो आणि वर बर्फाचे तुकडे उरतात. ज्या रीलवर भाळून आपण डिसेंबरचं बुकिंग करतो ते बहुतेक वेळा फेब्रुवारीतलं असतं, हे कुणी तपासतं का?

आणि पडलेला बर्फ पडल्यासारखा राहत नाही. हे मी घरी आल्यावर वाचलं आणि मला ते फार चमत्कारिक वाटलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला थर पातळ असला, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या असल्या, तर खाली जमीन त्यामानानं उबदार आणि वर हवा गोठलेली. त्या फरकामुळं थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, एकमेकांना न धरणारे. पुढं त्याच्यावर दोन फूट बर्फ पडला की वरून दिसायला सगळं घट्ट, पण खाली साखर. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर असा वरचा थर अख्खाच्या अख्खा सुटू शकतो. म्हणजे जानेवारीतली वाट सुरक्षित आहे का, याचं उत्तर डिसेंबर कसा गेला यात असतं. हे ज्याला माहीत असेल तो तिथं डिसेंबरभर राहिलेला माणूसच असणार.

आमचे एक सर म्हणाले, एवढं घाबरवू नकोस, केदारकंठा सोपा आहे. सोपा आहे, मान्य. पण सोपा हे विशेषण डोंगराला लावायचं की त्या दिवसाला? ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलन झालं आणि २९ जण गेले. ते हौशी नव्हते, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी होते. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली सविता कंसवाल त्यांच्यात होती. ऑक्टोबर म्हणजे पावसाळ्यानंतरचा, चांगला म्हणून गणला जाणारा हंगाम. दुसरी गोष्ट आपल्या जवळची. जून २०२४ मध्ये आपल्या कर्नाटकातून गेलेला २२ जणांचा गट सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडला आणि नऊ जण थंडीनं गेले. जून! आपण इथं पहिल्या पावसाची वाट बघत होतो. त्यांच्यात वयानं मोठे, अनुभवी ट्रेकर होते. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, तेवढी माझी पात्रताही नाही. कॅलेंडरवरचा 'सीझन' हा शब्द किती पोकळ असू शकतो, एवढंच मला दिसतं.

गंमत अशी की हे शहाणपण आपल्याकडं आहे, फक्त पाण्याचं आहे. माझ्या मामाचं गाव कणकुंबीकडं. तिकडं आषाढात काय पाऊस लागतो ते खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. लहानपणी ओढ्याच्या काठावर मामानं माझा दंड धरून ठेवला होता. पाणी घोट्याएवढंच होतं, पलीकडं आजीचं घर दिसत होतं. पण पाणी अचानक गढूळ झालेलं, वर पानं-काटक्या वाहत आलेल्या. मामा म्हणाला, वर डोंगरात पडालाय, थांब. आम्ही भिजत थांबलो. थोड्या वेळानं पाणी कमरेएवढं झालं. मामाशी मी वाद घातला नाही, कारण तो मामा होता आणि ओढा त्याच्या रोजच्या बघण्यातला. भैजीशी मात्र घातला. का? त्याला आम्ही पैसे दिले होते म्हणून? हा प्रश्न मला अजून छळतो.

तर यंदा जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. एजन्सीला फोन करून "बर्फ आहे का" विचारू नका, त्याचं उत्तर ते नेहमी "हो" देतात. शेवटचा बर्फ कधी पडला, त्याखाली काय आहे, सावलीतली वाट गोठलीय का आणि वर वारा कसा आहे, हे विचारा, आणि तेही ऑफिसातल्या माणसाला नव्हे, सांकरीत बसलेल्याला. खिळ्यांचे पट्टे सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. निघण्याआधीच सगळ्यांनी मिळून कबूल करा की गाईड नाही म्हणाला तर मतदान घ्यायचं नाही. आणि दोन दिवस मोकळे ठेवा. खरी मेख इथंच आहे, हे मला कळतं. आपल्या अकरा दिवसांतले सात प्रवासातच जातात, डोंगराच्या वाट्याला येतात चार. दोन दिवस वाढवायचे तर रजेचा अर्ज, हजेरीची टक्केवारी, घरून आणखी दीड-दोन हजार रुपये. मार्च-एप्रिलमध्ये जावं म्हटलं तर सेमिस्टरची परीक्षा आडवी. ज्यांच्या घरी हे दीड हजार जड आहेत त्यांना मी उपदेश करू शकत नाही. पण मग एखाद्या वर्षी केदारकंठा नको, असंही ठरवता येतं की. राधानगरी आहे, आंबोली आहे, तिथं डिसेंबरात काय वाईट असतं?

यंदाची यादी नोटीस बोर्डावर लागलीय. २३ डिसेंबरच्या रात्री निघणार, ३ जानेवारीला परत. त्यात २९ च्या पहाटे शिखर असं छापलंय, वेळेसकट. सहावं नाव माझं आहे. त्याच्यापुढं मी पेन्सिलनं कंसात लिहून आलोय: परतीचं तिकीट ५ तारखेचं काढणार असाल तर.