एक्स्पर्ट आहेस ना? मग कशातला ते सांग!

प्रत्येक ऑफिसात एक एक्सेलचा बादशहा असतो. पिव्होट टेबल म्हटलं की सगळी जनता त्याच्या डेस्ककडे धावते. यात वाईट काहीच नाही, बॉस. पण उद्या प्रेझेंटेशन तोच करतोय, क्लायंटशी तोच बोलतोय आणि बर्थडेचा केकही तोच कापतोय असं झालं, तर बाकीच्या टीमनं काय टाळ्या वाजवायच्या?

आमच्या रविवारच्या खेळात नेमकं हेच झालं. खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी शॉर्टमध्ये सांगतो. स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा, बस्स. प्रत्येकजण गोष्टीतलं एक पात्र होतो आणि गेम मास्टर गोष्ट पुढे नेतो. काही अवघड करायचं असेल तर फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. गेम मास्टरनं ठरवलेलं टार्गेट गाठलं की काम फत्ते! गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला, तिथून हे वेड सुरू झालं.

आम्ही पाच जण. तिघं पुण्यात नोकरीला, एक बारामतीला, एक इंदापूरला. महिन्यातून एका रविवारी बारामतीकराच्या घरी बैठक बसते आणि मी गेम मास्टर असतो. ड्रॅगन आम्हाला परके वाटत होते, म्हणून दुनिया होमब्रू केली, म्हणजे घरच्या घरी शिजवलेली. काळ अठराव्या शतकाचा. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा, त्यांच्या आश्रयाला कवी मोरोपंत, उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि मधल्या मुलखात सावकार, नावाडी, जकातीचे नाके. सॉलिड मसाला!

नियमही घरचाच. हात वर करून सगळ्यांनी पास केला. प्रत्येकानं एका कौशल्यात स्पेशलायझेशन घ्यायचं आणि त्यात वरचे पाच मिळवायचे. बारामतीकरानं घेतलं 'बोलणं'. इंदापूरकरानं घेतलं 'भीमेवर नाव चालवणं'. आमच्यातल्या सीए मैत्रिणीनं घेतलं 'हिशेब', आणि चौथ्या भिडूनं 'घोडेस्वारी'.

कागदावर सगळे सारखे. प्रत्यक्षात? नाक्यावर शिपाई अडवतोय, बारामतीकर बोलतो. सावकार दार लावून घेतो, बारामतीकर बोलतो. दरोडेखोर कोयता काढतात, तरी बारामतीकरच बोलतो! तिसऱ्या बैठकीत इंदापूरकर उठला आणि म्हणाला, "मी आपला चहा टाकतो. बाकी काय कामच नाय मला." सगळे हसले. चौथ्या बैठकीला तो आला नाही. 'दुकानात गर्दी आहे' असा मेसेज आला. पाचव्यालाही तोच मेसेज.

तिशीत नवे मित्र होत नाहीत, असलेलेच गळत जातात. कुणी भांडत नाही, फक्त दुकानात गर्दी होते. म्हणून हा नियम दुरुस्त करणं भागच होतं.

आधी गणित बघा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अधिक एक म्हणजे पाच टक्के. कौशल्य ५ आणि टार्गेट १५ असेल तर फाशावर १० किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के चान्स. त्यात स्पेशलायझेशनचे आणखी ५ आले की ८० टक्के. फरक फार वाटत नाही ना? आता हेच काम लागोपाठ तीनदा जमवायचं म्हणा. साध्या माणसाला साधारण १७ टक्के चान्स, स्पेशालिस्टला ५१. म्हणजे तिप्पट!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत एक्स्पर्टीज घेतली की प्रावीण्याचा बोनस दुप्पट होतो. हा बोनस सुरुवातीला २ आणि अगदी वरच्या पातळीला ६ असतो. म्हणजे फायदा १० टक्क्यांपासून सुरू होतो आणि ३० टक्क्यांवर जातो, पण हळूहळू, पात्र मोठं होईल तसा. आम्ही पहिल्याच दिवशी २५ टक्के वाटून मोकळे झालो होतो.

पण खरी गोम आकड्यात नव्हतीच, रुंदीत होती. पाच सगळ्यांनाच मिळाले होते. 'बोलणं' दर दहा मिनिटांनी लागतं आणि 'भीमेवर नाव' महिन्यातून एकदा. समजा कुणी 'कऱ्हेवर नाव चालवणं' घेतलं असतं तर? कऱ्हा वर्षातले बरेच महिने कोरडी असते! स्पेशलायझेशनची किंमत म्हणजे आकडा गुणिले ते किती वेळा कामाला येतं, हा. हा गुणाकार न करता सगळ्यांना सारखं वाटलं, की ते फक्त दिसायला सारखं.

सीए मैत्रिणीनं मागच्या पाच बैठकींचा हिशेब मांडला: कोणतं कौशल्य किती वेळा लागलं. त्यावरून तीन नियम झाले.

एक, रुंद असेल तर आकडा लहान. नुसतं 'बोलणं' हवं तर वरचे फक्त एक. 'सावकाराशी बोलणं' असं अरुंद केलंत तर तीन. 'शॅडोरन' या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हाच फंडा आहे. स्पेशलायझेशनला दोन जादा फासे मिळतात, पण त्या नेमक्या प्रकारापुरतेच. म्हणजे सगळ्या पिस्तुलांना नाही, त्यातल्या एका जातीला.

दोन, घेतलंत तर काहीतरी सोडा. इथं आमच्या मदतीला खुद्द मोरोपंत आले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं मानतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, ज्यात ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! कमाल आहे ती त्या सोडण्यामुळेच. आम्हीही ठरवलं, एकात तीन घेतले तर दुसऱ्या कशात तरी दोन वजा. बारामतीकर लगेच म्हणाला, "मग माझे दोन समुद्रात वजा कर." बाबा रे, इंदापुरात समुद्र कुठून आणू? म्हणून पोटनियम आला: वजाबाकीही अशाच गोष्टीत, जी खेळात येते. शेवटी त्यानं 'म्हाताऱ्या बायकांसमोर' घेतले. धमाल आली.

तीन, गाजणारं अस्त्र असेल तर त्याची संख्या बांधा. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम झाला, त्यात 'वजीर' आणला होता. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला उलट फिरता येत नाही. वजीर मात्र कुठल्याही दिशेला धावू शकतो. पण वजीर एकच, आणि पॉवरप्लेमध्ये दोन. सगळेच वजीर असते तर खो-खोचा झाला असता शिवाशिवीचा खेळ. आमच्याकडेही रुंद स्पेशलायझेशन आता एका बैठकीत तीनदाच वापरता येतं.

गेम मास्टरचं काम उरतं ते मैदान देण्याचं. पुढची गोष्ट मी नीरा नरसिंहपूरला नेली, जिथं नीरा भीमेला मिळते. रात्र, पूर, आणि पलीकडे जायचंच आहे. इंदापूरकराला आधी फोन केला आणि सांगितलं, "नावाडी लागणार आहे, तुझ्याशिवाय अडलंय." पन्नासेक किलोमीटर बाइक मारत आला पठ्ठ्या. फाशावर पडले ७. एरवी नापास, पण कौशल्याचे पाच आणि स्पेशलायझेशनचे तीन धरून बरोब्बर १५. बारामतीकरासकट सगळ्यांनी टेबल बडवलं.

तेव्हा तुमच्या टेबलवर, किंवा टीममध्ये, कुणी अचानक चहा टाकायला उठू लागलं, तर चहा जरूर प्या. पण तो येईपर्यंत कागद घ्या आणि मोजा, गेल्या पाच वेळांत त्याची पाळी किती वेळा आली होती.