पगार शिकवण्याचा, जीभ आमचीच

मे २०२४ मध्ये मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या शाळेने आपल्या मुख्याध्यापिकेला काढून टाकलं. १२ वर्षांची त्यांची नोकरी. दोष काय, तर गाझातल्या युद्धाबद्दलच्या इतरांच्या मजकुराला त्यांनी समाजमाध्यमावर पसंती दर्शवली. शिकवण्यातली चूक कोणी दाखवली नाही.

२०२१ मध्ये कोलकात्याच्या सेंट झेवियर्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची नोकरी गेली. पोहण्याच्या पोशाखातल्या तिच्या फोटोंबद्दल एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली होती. दबाव आणून राजीनामा घेतला, असं ती म्हणते. विद्यापीठाने ते नाकारलं आणि उलट तिच्याकडेच ९९ कोटींची भरपाई मागितली!

एकीचं मत खुपलं, दुसरीचं शरीर. काठी एकच: संस्थेची प्रतिष्ठा. घराण्याची अब्रू सुनेने सांभाळायची, शाळेची बाईंनी. संस्थाचालकांच्या देणग्यांनी मात्र ती कधी जात नाही!

घटनेचं कलम १९ आहे ना, असं कुणी म्हणेल. काश्मीरचं ३७० कलम रद्द केल्यावर टीका करणाऱ्या कोल्हापूरच्या एका प्राध्यापकावरचा फौजदारी गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी रद्द केला. उत्तमच झालं. पण कलम १९ बांधतं ते मुख्यतः शासनाला. खासगी संस्थाचालक तुरुंगात टाकत नाही, तो चूल विझवतो.

महाराष्ट्रात खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. कायम शिक्षिकेला चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही; ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारीचं काय? तिला काढावंही लागत नाही. पुढच्या सत्रात तास दिले नाहीत की झालं. म्हणून ती आधीच गप्प बसते.

शिक्षिकेने काहीही लिहावं का? मुलांच्या जातिधर्माचा अपमान केला तर जाब विचारलाच पाहिजे. पण लेखी आरोप, चौकशी, तिची बाजू, हे सगळं झाल्यावर. तक्रार आली की राजीनामा, हा न्याय नव्हे.

मैत्रिणींनो, आपल्या गावात अशी वेळ कुणा बाईंवर आली, तर तिचं मत आपल्याला पटतं का, हे आधी तपासत बसू नका. तिच्यासोबत संस्थेच्या कचेरीत जा, आरोप लेखी मागा, ३० दिवस मोजा. आणि तासिकेवरच्या बायकांनाही हेच संरक्षण मिळावं, ही मागणी शिक्षक संघटनांच्या गळी उतरवा. एकटीला गप्प करणं सोपं असतं, दहाजणींना नाही.