पदक परत आले, बातमी कुठे आली?

२००२ साली बुसानच्या आशियाई स्पर्धेत पंजाबच्या सुनीता राणीने १५०० मीटर ४ मिनिटे ६.०३ सेकंदांत धावून सुवर्ण जिंकले, ५००० मीटरला कांस्य. मग लघवीच्या तपासणीत नॅन्ड्रोलोन सापडल्याची बातमी आली आणि दोन्ही पदके गेली. ‘देशाची अब्रू घालवली’ म्हणणाऱ्यांत आमच्या घरचेही होते. मी गप्प बसले, हे कबूल करते.

पुढे त्या तपासणीतच विसंगती आढळल्या. २००३ च्या सुरुवातीला तिला दोषमुक्त केले, पदकेही परत मिळाली. तिचा तो राष्ट्रीय विक्रम २०२१ पर्यंत टिकला. पण पहिली बातमी लक्षात राहिलेल्या कितीजणींना ही दुसरी माहीत आहे?

नियम असा की नमुन्यात द्रव्य सापडले की खेळाडू जबाबदार. ते शरीरात कसे आले, हे तिनेच दाखवायचे. शिबिरात हातावर ठेवलेली गोळी मुकाट्याने गिळायला शिकवलेल्या मुलीने! २०११ मध्ये आपल्या ४०० मीटरच्या धावपटू सापडल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक औषधांतून हे घडले, असे त्यांचे म्हणणे. प्रशिक्षकाची नोकरी गेली. मुलींची दोन वर्षे गेली, तीही ऐन उमेदीतली.

उत्तेजके चालू द्या असे मी म्हणत नाही. शिबिरात कोणी, काय, कोणाला दिले याची सहीनिशी नोंद ठेवा आणि तिची एक प्रत मुलीच्या हातात द्या. आरोप होताच तिला फुकट वकील द्या. आणि निकाल लागेपर्यंत तिचे नाव छापू नका.