सर्व्हिसिंगचं बिल वाचताना

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय सुचवला तेव्हा दोघीतिघी हसल्या. 'साहित्याच्या अंकात गाडीचं सर्व्हिसिंग?' पण साहित्य शिकणाऱ्याला मजकूर वाचता यायला हवा आणि नोव्हेंबरात माझ्या हातात जे चार पानी बिल आलं, तेवढा गोंधळात टाकणारा मजकूर मी तीन वर्षांत वर्गात वाचलेला नाही. म्हणून लिहिते.

आमची गाडी नऊ वर्षांची, साधी हॅचबॅक. पप्पा उद्यमबागमध्ये फाउंड्रीत कामाला आहेत. गाडी रोज बाहेर निघत नाही. रविवारचा मिस्सा, खानापूरला आजीकडे आणि वर्षातून एकदा जुन्या गोव्याला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला. त्या प्रवासाआधी सर्व्हिसिंग करायचं हा आमच्या घरचा नियम. या वेळी पप्पांची शिफ्ट होती म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन मी गेले. काउंटरवरचं पहिलं वाक्य, 'मॅडम, पप्पांना फोन लावून द्या की जरा.' मी म्हटलं, 'माझ्याशीच बोला.' खर्च साडेसात हजारांच्या आसपास येईल असं सांगून त्यांनी टॅबवर माझी सही घेतली. सही कशावर केली ते मी वाचलं नाही. ती चूक माझीच.

संध्याकाळी बिल आलं १२,३५५ रुपयांचं. तेल, फिल्टर, लेबर, ब्रेक क्लीनिंग, व्हील अलाइनमेंट हे सगळं अपेक्षित होतं. त्याखाली आणखी चार ओळी होत्या: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९५०, एसी डिसइन्फेक्शन ८९०, इंजिन फ्लश ६५०, इंटीरियर एनरिचमेंट १,४००. वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे या चार ओळींचे ४,५९० रुपये. घरी येऊन गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढलं. किती किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता त्यात असतो. या चारांपैकी एकही काम त्या तक्त्यात नव्हतं.

पप्पांच्या फाईलमध्ये २०१९ चं बिल होतं, ४,२०० चं. सहा वर्षांत तेल महागलं, पगार वाढले, मान्य आहे. महागाईचा हिशोब मला कळतो. पण ती वाढ बाजूला काढली तरी उरतात ते शब्दांचे पैसे. 'एनरिचमेंट' म्हणजे काय? सीट पुसणं. 'ट्रीटमेंट', 'केअर', 'हेल्थ चेक' हे सगळे दवाखान्यातले शब्द. ते ऐकले की माणूस घासाघीस करत नाही, कारण आजाऱ्याच्या औषधाला नको कोण म्हणणार? त्यात बिल इंग्रजीत, बोलणं मराठी-कन्नडमध्ये आणि सही टॅबवर. पप्पांसारख्या माणसाला यातलं काय नाकारता येतं हेच कुणी सांगत नाही.

तरीही काम चोख झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. अकरा दिवसांनी, शनिवारी पहाटे, आम्ही निघालो. चोर्ला घाट उतरताना पुढच्या चाकातून कर्र असा आवाज येऊ लागला, ब्रेक दाबला की मोठा. मागच्या सीटवर मम्मी आणि आजी रोझरी म्हणत होत्या, त्या गप्प झाल्या. पप्पांनी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवून हळूहळू खाली आणली आणि साखळीत एका रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी थांबवली. तिथल्या मिस्त्रींनी चाक काढलं. पॅड झिजून जवळजवळ पत्र्याला टेकले होते आणि कॅलिपरवर मातीचा थर घट्ट बसला होता. 'कधी साफ केलेले?' त्यांनी विचारलं. मी बिल दाखवलं. ब्रेक क्लीनिंग, ७८० रुपये. ते काही बोलले नाहीत, जुना पॅड फक्त माझ्या हातात ठेवला. नवे पॅड १,४५०, मजुरी ४००. पाऊण तासात आम्ही पुढे निघालो.

परत आल्यावर मी तो पॅड घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी चेकलिस्ट उघडली. ब्रेकसमोर हिरवी खूण होती, 'ओके'. दहा मिनिटं थांबल्यावर मॅनेजर म्हणाले, 'पुढच्या वेळी वॉशिंग फ्री करून देतो.' पप्पा म्हणाले, 'जाऊ दे ग.' पण रात्री जेवताना तेच बोलले, 'आमच्याकडे कास्टिंगमध्ये एक ब्लोहोल निघाला तर अख्खा लॉट परत येतो. आणि इथं?' आमच्या शहरात गाड्यांचे भाग ओतले जातात. बनवणाऱ्याकडून इतकी कडक तपासणी आणि दुरुस्त करणाऱ्याकडून नुसती हिरवी खूण, हा फरक पप्पांना लागला होता.

मग हे असं का होतं? आमच्या पॅरिशच्या युथ ग्रुपमधला एक मित्र आयटीआय करून अशाच एका वर्कशॉपमध्ये लागला आहे. त्याला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, 'दिवसाला गाड्यांचा आकडा ठरलेला असतो. एका गाडीला जेवढा वेळ पाहिजे तेवढा मिळतच नाही. अ‍ॅडव्हायझरला वरची कामं विकायचं टार्गेट. चाक काढायला वेळ लागतो, खूण करायला नाही.' त्याचा पगार ऐकून मी गप्प बसले. तासाला लेबर म्हणून आपल्याकडून जे घेतलं जातं त्यातलं त्याच्या हातात फारच थोडं पडतं. नवी गाडी विकून डीलरला फार सुटत नाही, त्यातही सूट द्यावी लागते. म्हणून शोरूमचा खर्च वर्कशॉपमधून काढायचा, असा हा धंदा आहे. म्हणजे गाडी खपावी म्हणून आधी दिलेली सूट नंतर सर्व्हिसिंगमधून थोडीथोडी वसूल होते.

'मग बाहेर जा ना' असं म्हणणं सोपं आहे. बाहेर जायची वाट बराच काळ अडवलेलीच होती. २०११ मध्ये एका ग्राहकाने याच प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत दिसलं की कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं साध्या गॅरेजला देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्या निकालातली एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावी अशी आहे. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. काउंटरवर मात्र अजून 'बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली' हेच ऐकू येतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

रस्त्यावरचा प्रत्येक मिस्त्री संत असतो असं मी म्हणत नाही. तिथे बिल मिळत नाही, पार्ट अस्सल की नकली हे कळत नाही, जुनं तेल कधीकधी सरळ गटारात जातं. एअरबॅग किंवा सेन्सरचं काम मी तरी तिथे देणार नाही. अधिकृत सेंटरला आपण जास्त पैसे देतो ते याच भरवशासाठी. तक्रार एवढीच की भरवशाची किंमत घेतली जाते आणि भरवसा दिला जात नाही. साखळीच्या मिस्त्रींनी चाक माझ्यासमोर उघडलं. सेंटरमध्ये मला काचेपलीकडे कॉफी मिळाली.

तुमच्यापैकी पुष्कळजण लवकरच नोकरीला लागाल, हप्त्यावर गाडी घ्याल. तोवर घरची गाडी तुम्हीच न्या. गाडीचं पुस्तक सोबत ठेवा आणि तक्त्यात नसलेलं काम का करायचं ते विचारा. जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका, आकडा लेखी घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. ब्रेक साफ केले म्हणाले तर कसे होते त्याचा फोटो मागा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही.

मी लेखी तक्रार दिली आहे. चार हजारांसाठी एवढी धडपड कशाला, असं मम्मी विचारते. मला त्या घाटातला गप्प झालेला रोझरीचा आवाज आठवतो. हिरवी खूण करणाऱ्याने त्या दिवशी माझ्या आजीच्या जिवाची हमी दिली होती. त्याने चाक काढून पाहिलं असतं तर फार तर वीस मिनिटं गेली असती. तो पॅड अजून माझ्या टेबलावर आहे. पुढच्या वेळी गाडी मीच नेणार आणि चाक उघडताना तिथे उभी राहणार.